कचेरी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी ‘नोकरशाही’सारखा रुक्ष विषय निवडला, याचे काहीजणींना नवल वाटेल. पण मी एकतीस वर्षे कचेरीत कारकुनी केली. खिडकीच्या आत बसून बाहेरची रांग पाहिली, आणि निवृत्त झाल्यावर रांगेत उभी राहून आतली टेबलेही पाहिली. तेव्हा दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजते.

लोकमान्यांच्या काळी ‘नोकरशाही’ म्हटले की परक्यांचे राज्य डोळ्यांसमोर येई. १९४७ साली राज्य आपले झाले. पण बारनिशी, टिपणी आणि शेरा ही कारभाराची रीत चालूच राहिली. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हणही राहिली.

आधी कचेरीची बाजू सांगते. आपला अर्ज आला की आवक बारनिशीत त्याची नोंद होते, कारकून टिपणी लिहितो, त्याचा वरिष्ठ ती तपासतो आणि मग साहेबांची सही होते. इतके हात कशाला, असे आपल्याला वाटते. पण एकाच माणसाच्या लहरीवर कोणाची जमीन जाऊ नये, कोणाचे पैसे अडू नयेत, म्हणूनच ही साखळी आहे. माक्स वेबर नावाच्या जर्मन पंडिताने नोकरशाहीचा मोठा अभ्यास केला. माणूस पाहून नव्हे तर नियम पाहून काम करणे, हे त्याने तिचे लक्षण सांगितले. ज्यांचा कोठे वशिला नाही, त्यांना नियमाचाच आधार असतो. म्हणून नियमांना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही.

मग घोडे अडते कोठे? माझ्या अनुभवाने सांगते. चुकीची सही केली तर कारकुनाची चौकशी होते; सही केलीच नाही तर सहसा कोणी विचारीत नाही. मग शहाणा माणूस काय करील? ‘त्रुटी’ काढून कागद परत पाठवील. आज एक त्रुटी, महिन्याने दुसरी! त्यात त्याचे काही जात नाही. जाते ते हेलपाटे घालणाऱ्याचे, आणि तो थकला की दलालाची सोय होते.

यात आपण बायका अधिक भरडल्या जातो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आणि लग्नात नाव बदलले असेल तर तिसरेच! एका विधवा बाईंचे कुटुंबनिवृत्तिवेतन अशा तीन नावांपायी अडलेले मी पाहिले आहे. त्या धुणीभांडी करीत. कचेरीत आल्या की त्या दिवसाचे खाडे पडत. प्रत्येक वेळी एकच कागद पाहून ‘नाव जुळत नाही’ असा शेरा पडे. पुढे एक नवे अधिकारी आले. त्यांनी सगळे कागद एकत्र वाचले, बाईंना समोर बसवून चार प्रश्न विचारले आणि त्याच दिवशी सही केली. नियम एकही बदलला नव्हता. वाचणारा बदलला होता.

पण चांगला अधिकारी लाभण्याची वाट किती दिवस पाहायची? त्याकरिताच कायदे झाले आहेत. अरुणा रॉय या बाई सनदी नोकरी सोडून खेड्यात कामाला गेल्या. १९९० साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन उभे राहिले, त्यात त्या होत्या. कामावरच्या हजेरीपटात काय लिहिले आहे ते आम्हांला दाखवा, एवढेच तेथील मजुरांचे, त्यांतल्या बायकांचेही, मागणे होते. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. अशा चळवळींतूनच २००५ चा माहितीचा अधिकार आला. आज दहा रुपयांच्या अर्जावर आपला कागद कोठे आहे हे विचारता येते, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

महाराष्ट्रात २००५ चा दप्तरदिरंगाईचा कायदा आहे. कोणाही कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो सांगतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली आहे. ती चुकली तर अपील आहे, आणि कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. म्हणजे सही न करणाऱ्यालाही आता विचारता येते. मात्र विचारणारे कोणी हवे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आठवड्यातून एक दुपार आपण कागदांसाठी ठेवू. लिहिता-वाचता येणाऱ्या दोघीतिघींनी बसावे आणि येणाऱ्या बहिणीला तीन गोष्टी शिकवाव्यात. अर्ज दिला की तारखेची पोच घेतल्याखेरीज खिडकी सोडायची नाही. त्रुटी असतील त्या सगळ्या एकदम आणि लेखी मागायच्या. आणि मुदत टळली की विनवण्या न करता अपील लिहायचे. एकटी गेली तर तिला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते. दोघी गेल्या, हातात पोच असली, की बोलण्याचा सूर बदलतो.

आणखी एक. आपल्यापैकी अनेकींचे मुलगे, सुना, लेकी कचेऱ्यांत काम करतात. रात्री जेवताना त्यांना सहज विचारावे, “आज किती कागद मोकळे केलेस?” पगार किती हे आपण विचारतोच, हेही विचारू या.

पुढल्या वर्धापनदिनाच्या अहवालात जमाखर्चाच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला मला पाहायचा आहे: या वर्षी मंडळाने किती बहिणींचे अडलेले कागद मार्गी लावले. तो पाच असला तरी मला समाधान आहे.