भाकरी फुगली पाहिजे

मी बी.ए. झालेला, कवितेच्या नादी लागलेला माणूस. प्रयोगशाळेतल्या शास्त्रावर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला दुष्काळ आणि ज्वारी या दोन विषयांवर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

1972 च्या दुष्काळात अमेरिकेतली लाल मिलो आपल्याकडे आली. मी तेव्हा लहान होतो. अम्मा सांगायची, पोट भरायचं, पण घास उतरायचा नाही. त्याआधी, 1964 मध्ये सीएसएच-1 हे संकरित वाण आलं. उतारा चांगला, पण खरिपात कणसाला पाऊस लागला की दाणा काळा पडायचा आणि भाकरीला ती गोडी नसायची. आजही आपल्याकडे नाजूक पोराला 'हायब्रीड' म्हणतात, ते उगाच नाही.

मालदांडी मात्र टिकली. 1930 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर तिची निवड झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर तिनं वाढायचं. भाकरी फुगते, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पण ओल लवकर सरली तर तीही पिवळी पडते.

आता शास्त्रज्ञ काय करतात? पिकाच्या पेशीत डोकावतात. जनुकं म्हणजे शब्दकोश समजा. शब्द सगळेच त्यात असतात. तहान लागल्यावर रोप त्यातले कोणते बोलतं, कोणती प्रथिनं बनवतं, याची ते नोंद घेतात. हे काम भातात सगळ्यात पुढे गेलं. 2005 मध्ये भाताची सुमारे 39 कोटी अक्षरं वाचून झाली, त्यात भारताचाही हात होता. ओडिशातलं एक जुनं भात पंधरवडाभर पाण्याखाली राहूनही जगायचं, पण उतारा कमी. 2006 मध्ये त्याचं ते जनुक ओळखलं गेलं. रोप लहान असतानाच पानाचा तुकडा तपासायचा आणि जनुक आलंय की नाही ते पाहायचं, या रीतीनं ते लोकांच्या आवडत्या 'स्वर्णा' वाणात उतरवलं. 2009 मध्ये ते वाण भारतात प्रसारित झालं. पूर सोसायची ताकद आली, तांदूळ मात्र स्वर्णाच राहिला.

बासमतीच्या वासाचं मला फार नवल वाटलं. एका जनुकातली आठ अक्षरं गळाली आहेत, म्हणून तो वास! आमच्या लहान अभंगात आठ अक्षरं म्हणजे अख्खा चरण.

ज्वारीची सुमारे 73 कोटी अक्षरं 2009 मध्ये वाचली गेली. तिच्यात पाणी संपत आलं तरी कणीस भरेपर्यंत हिरवी राहणारी काही वाणं आहेत. त्यांची युक्ती कुणब्याला लगेच पटेल अशी आहे. सुरुवातीला पानांचा पसारा कमी ठेवायचा, म्हणजे दाणा भरायच्या वेळेला जमिनीत पाणी शिल्लक राहतं. हा गुण देणारे जनुकांचे पट्टे शोधून ते रब्बी ज्वारीत आणण्याचं काम हैदराबादजवळच्या पटनचेरू इथल्या इक्रिसॅटमध्ये झालं आहे. आपल्याला त्यात दाण्याइतकाच कडब्याचाही हिशोब आहे. 2019 मध्ये बीडमध्ये चारा छावण्या लागल्या होत्या, ते विसरून चालायचं नाही.

माझी काळजी भाकरीची आहे. बासमतीच्या वासासारखं भाकरीचं एकच जनुक नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो; आधणाचं पाणी घातलं की पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि पीठ धरून राहतं. स्टार्च कसा, प्रथिनं किती, पीठ किती पाणी पितं, अशा अनेक गोष्टी तिथे एकत्र येतात. बाहेरच्या वाणातून दुष्काळ सोसायचा गुण आणताना शेजारची नको ती जनुकंही सोबत येऊ शकतात. म्हणून दुष्काळाच्या खुणा शोधताना भाकरीच्या खुणाही त्याच कामात शोधायला हव्यात. वाण तयार झाल्यावर चव पाहू म्हटलं, तर सीएसएच-1 ची गोष्ट पुन्हा सांगावी लागेल.

ज्वारीच्या संशोधनात भाकरी थापून, चाखून गुण द्यायची पद्धत जुनी आहे. माझं एवढंच मागणं आहे की त्या चाखणाऱ्यांत पाटोदा, धारूर, केजच्या बायकाही बसाव्यात. पीठ हातात घेतलं की पाणी ओतायच्या आतच त्या सांगतात, ही भाकरी चिरणार.