‘किती वेळाने झालं?’ हे विचारा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कुणी शेंगा फोडत असेल, कुणी भाकरी थापत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

गेल्या माघातली गोष्ट. आमच्या वाडीतल्या एक वहिनी हरभऱ्यात काम करत होत्या. मानेला मधमाशी चावली. पाच मिनिटांत अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरचे म्हणाले, “तिला ॲलर्जी आहे, मागच्या वर्षीही असंच झालं होतं.” आता त्यांच्या जाऊबाईंनाही ॲलर्जी आहे, टिकलीची. कपाळाला खाज सुटते, मलम लावलं की बरी होते. म्हणून जाऊबाई धावत घरी गेल्या आणि तेच मलम घेऊन आल्या. मलम लावून सगळे गुण येण्याची वाट बघत बसले.

मला बोलावणं आलं तेव्हा वहिनींना धाप लागली होती. गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा श्वास मोकळा झाला. वाचल्या. पण माझ्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. मी तीस वर्षं नर्सबाई म्हणून काम केलं. आदल्या वर्षी गांध्या उठल्या तेव्हा वहिनींनी मला सांगितलं होतं. मी “ॲलर्जी असेल, जपा” एवढंच म्हणाले. मधमाशीची आणि टिकलीची ॲलर्जी एक नव्हे, हे सांगायचं काम माझं होतं.

तेच आज सांगते.

पिकावर पाखरं पडू नयेत म्हणून आपण राखण्या बसवतो. आपल्या शरीरातही अशी राखण असते. रोगजंतू आले की ती त्यांना हाकलते. पण कधी कधी राखण्याची गोफण भलतीकडेच फिरते. साध्या गोष्टीवर धोंडे पडतात आणि नुकसान आपल्याच पिकाचं होतं. याला अतिसंवेदनशीलता म्हणतात. १९६३ साली जेल आणि कूम्ब्स या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तिचे चार प्रकार मांडले. डॉक्टर आजही तेच शिकतात.

पहिला प्रकार मिनिटांत होणारा. मधमाशी, गांधीलमाशी, शेंगदाणे, कोळंबी, पेनिसिलिनसारखं औषध. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा फारसं काही होत नाही, पण शरीर त्या वस्तूविरुद्ध आयजीई नावाचं प्रतिपिंड तयार करून ठेवतं. पुढच्या खेपेला तीच वस्तू आली की काही पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन सोडतात. मग गांध्या, सूज, शिंका, धाप. कधी रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीवावर बेततं. इंजेक्शन किंवा लस दिल्यावर “अर्धा तास बसा” म्हणतात, ते यासाठीच. घाई करून उठू नका.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडं थेट पेशींवरच चिकटतात आणि त्या पेशी नष्ट होतात. आपल्या बायकांच्या कामाचं उदाहरण रक्तगटाचं. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं. पण पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला रक्तक्षय होतो, जबर कावीळ होते, कधी बाळ पोटातच जातं. असं बाळ गेलं की दोष सुनेच्या पायगुणाला दिला जातो. दोष कुणाचाच नसतो. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घेतलं, तर हे टाळता येतं. गरोदरपणातही सातव्या महिन्याच्या सुमाराला ते देतात. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारायचं.

तिसरा प्रकार आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतो. परकी प्रथिनं आणि आपली प्रतिपिंडं यांच्या गाठी रक्तात फिरतात आणि सांध्यांत, मूत्रपिंडात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पाटात गाळ साचावा तशा. सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनवतात. ते घेतलेल्या काही जणांना पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर पुरळ उठतं. घरच्यांना वाटतं, विष पुन्हा चढलं, आणि पेशंट मांत्रिकाकडे जातो. तसं करू नका. दवाखान्यात परत जा, यावर उपचार आहे. आणि या भीतीनं सर्पदंशाचं औषध कधीही नाकारू नका. तेच जीव वाचवतं.

चौथा प्रकार संथ. इथे प्रतिपिंडं नसतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी स्वतः काम करतात. त्यांना जमायला दोन-तीन दिवस लागतात. टिकलीचा गोंद, काळी मेंदी, बिब्बा उतणं, हे सगळं यातलं. काळ्या मेंदीच्या पाकिटावर “दोन दिवस आधी थोडी लावून बघा” असं लिहिलेलं असतं. तासाभरात काही झालं नाही म्हणून आपण डोकं माखतो आणि तिसऱ्या दिवशी डोळे सुजतात. गाजरगवताचंही तसंच. पुण्याकडे १९५०च्या दशकात ते नजरेत आलं आणि मग बांधाबांधावर पसरलं. खुरपणी करणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या खाजून खाजून जाड होतात. ते फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटा आणि घरी आल्यावर साबणानं अंग धुवा. गंमत अशी, की याच गवताच्या परागानं कुणाला लगेच शिंकाही येतात. तो झाला पहिला प्रकार. वस्तू एकच, प्रकार दोन.

म्हणून “कशानं झालं?” याच्या जोडीला “किती वेळाने झालं?” हे विचारा. दोन दिवसांनी खाज आली, तर ती वस्तू बंद करा आणि सवडीने डॉक्टरांना दाखवा. मिनिटांत गांध्यांबरोबर धाप, आवाज बसणं, ओठ किंवा जीभ सुजणं, चक्कर, उलट्या यांतलं काही दिसलं, तर मलम नको, चुना नको, नुसती खाजेची गोळी देऊन वाट बघणं नको. १०८ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आता एक काम. पुढच्या बैठकीला गटाची वही निघेल, तेव्हा बचतीच्या पानांमागे एक पान सोडा. प्रत्येकीचं नाव, रक्तगट, कोणत्या औषधानं किंवा वस्तूनं त्रास झाला, काय झालं आणि किती वेळाने झालं, एवढं लिहा. औषधाचं नाव आठवत नसेल तर पाकीट शोधून आणा. दवाखान्यात जाताना त्या पानाचा मोबाइलवर फोटो असू द्या.

आमच्या गटात ते पान झालं आहे. सगळ्यांत वर वहिनींचं नाव आहे: मधमाशी, अंगभर गांध्या, धाप, पाच मिनिटं. ते मी माझ्या हाताने लिहिलं, एक वर्ष उशिरा. तुम्ही उशीर करू नका.