शर्यत बघायला बाई निघते तेव्हा

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘बाईची फुरसत’ या सत्रात केलेलं भाषण)



कालपासून आपण रेशन, पोटगी, मारहाण यांवर बोलतोय. मध्येच मोटारींच्या शर्यती कुठून आल्या, आणि त्याही अमेरिकेतल्या, असं काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण आजचं सत्र फुरसतीचं आहे. मला अशा बाईबद्दल बोलायचंय, जी काही काम नसताना, निव्वळ आवड म्हणून लांब जाऊन काहीतरी बघून येते. आपल्याकडे बाई गाव सोडते ती माहेरासाठी, लग्नासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर देवासाठी. वारीत बायका किती मोकळ्या होतात ते आपण पाहिलंय, पण तिथेही विठोबाचं नाव पाठीशी असतं. ‘मला बघायचंय, म्हणून चालले’ एवढंच कारण सांगून निघालेली बाई तुमच्या वस्तीत कितीजणींनी पाहिली आहे?

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून घेतलेली, रस्त्यावर चालणारी साधी गाडी. अमेरिकेच्या दक्षिण भागात चोरटी दारू पोचवणारी पोरं पोलिसांना गुंगारा देण्यासाठी गाड्यांची इंजिनं ताकदवान करून घेत आणि फावल्या वेळात त्याच गाड्यांची आपसात शर्यत लावत. १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था स्थापन झाली आणि खेळाला नियम आले. आताच्या गाड्या दिसायलाच बाजारातल्या, आतून खास शर्यतीसाठी बांधलेल्या. ट्रॅक बहुधा अंडाकृती, वळणावर तिरपा उचललेला. फ्लोरिडातल्या डेटोनाला हा उतार ३१ अंशांचा आहे. फेब्रुवारी ते नोव्हेंबर जवळजवळ दर आठवड्याला शर्यत असते, पण गाव वेगळं. म्हणून शौकीन माणसं घरासारख्या गाड्या घेऊन फिरतात, कित्येक ठिकाणी ट्रॅकच्या आतल्या मैदानातच तीन-चार दिवस मुक्काम टाकतात. जत्राच ती. आणि जत्रेत विचारायचा प्रश्न तिथेही विचारायला हवा : चूल कोण पेटवतं?

१९४७ साली साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलची लुईस स्मिथ डेटोनाला शर्यत बघायला निघाली. तेव्हा ती शर्यत समुद्राच्या वाळूवर आणि लगतच्या रस्त्यावर होत असे. आदल्या वर्षी गावच्या ट्रॅकवर तिने एकदा गाडी पळवली होती. नवऱ्याचा भंगार गाड्यांचा धंदा, आणि बायकोचा हा नाद त्याला पसंत नव्हता. सुट्टीवर जाते असं सांगून ती त्याची कोरी फोर्ड घेऊन गेली. तिथे नुसतं बघणं तिला पुरेना. तिने नाव नोंदवलं आणि शर्यतीत गाडीचा पार चेंदामेंदा केला. परत आल्यावर नवऱ्याने विचारलं, गाडी कुठे आहे? वाटेत ऑगस्टाला बंद पडली, म्हणाली. त्याने तिच्यासमोर वर्तमानपत्र धरलं. मोडक्या गाडीचा फोटो त्यात आधीच छापून आला होता.

हा किस्सा तिकडे हसत हसत सांगतात, तीही सांगायची. मी मात्र त्यातल्या थापेपाशी थांबते. ‘ताई, घरचं कुणी विचारायला आलं तर शिवणाची मीटिंग होती म्हणून सांगा,’ असं आपल्याला किती बायका सांगतात! कारखान्याच्या पाळीवर जाणारा पुरुष क्रिकेट बघायला सुट्टी टाकतो तेव्हा त्याला थाप साहेबाला मारावी लागते. बाईला ती घरात मारावी लागते, आणि घरातल्या साहेबाकडे वर्षाची रजाच शिल्लक नसते.

पुढे लुईसने ३८ शर्यती जिंकल्या आणि १९५६ मध्ये थांबली. पण तिला ट्रॅकवर घेतलं कुणी आणि का? शर्यती भरवणाऱ्या बिल फ्रान्सला गर्दी हवी होती, आणि गाडीत बाई आहे म्हटलं की तिकिटं खपत. १० जुलै १९४९ ला डेटोनात तीन बायका उतरल्या : लुईस, सॅरा ख्रिश्चन आणि एथेल मोब्ली. एथेल अकरावी आली, आणि तिचे दोन सख्खे भाऊ तिच्या मागे राहिले. बिल फ्रान्सची बायको अ‍ॅन संस्थेचे हिशेब आणि तिकिटांचे पैसे सांभाळायची. धंदा उभा राहिला तो तिच्या वहीवरही, पण खेळाची गोष्ट सांगताना तिचं नाव एका वाक्यात उरकतात.

नंतर प्रेक्षक आपोआप येऊ लागले तशी चालक बाईची गरज संपली आणि शोभेच्या बाईची वाढली, असं मला दिसतं. डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर तर सौंदर्यस्पर्धाच असे, आणि १९८९ पर्यंत तिचं काम बघणाऱ्यांत खुद्द लुईस स्मिथ होती. हे मला अवघड वाटतं, पण झाकून ठेवायचं कारण नाही.

विजेत्याने बक्षीस देणाऱ्या सुंदरीचं चुंबन घ्यायचं, ही तिथली रीत होती. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलमध्ये वेंडेल स्कॉट हा काळा चालक जिंकला. विजय जाहीर झाला दुसऱ्याच्या नावाने, आणि स्कॉट जिंकला हे मान्य केलं ते प्रेक्षक पांगल्यावर. काळ्या माणसाने सर्वांसमोर गोऱ्या मुलीचं चुंबन घेऊ नये म्हणून हे झालं, असं मानलं जातं. त्याच्या कुटुंबाच्या हातात करंडक पडला २०२१ मध्ये, त्याला जाऊन तीस वर्षं उलटल्यावर. बाईच्या देहावरचा पहारा आणि वंशाचा पहारा असे एकाच फाटकात उभे असतात. जातीच्या संदर्भात हे आपल्याला नवीन नाही.

१९७६ मध्ये शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत जॅनेट गथ्री उतरली. शिक्षणाने पदार्थविज्ञानातली, विमानक्षेत्रात काम केलेली. गाडीची मालकीणही बाईच, बँकेतली अधिकारी लिंडा फेरेरी. इतकं अंतर बाईला झेपणार नाही, असं पुष्कळजण म्हणत होते. जॅनेट पंधरावी आली. ती पळणार म्हटल्यावर तिकिटांच्या रांगेत बायका लागल्या. पण पैसा लावणारी कंपनी तिला टिकून मिळाली नाही, आणि १९८० पर्यंत जेमतेम ३३ शर्यती झाल्या. २०१३ मध्ये डॅनिका पॅट्रिकने डेटोनाच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली, तोवर मध्ये केवढा काळ गेला बघा.

आता आजची गोष्ट. माझी कॉलेजातली मैत्रीण शार्लटमध्ये राहते, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला या शर्यतींचं वेड आहे. मी काही बघितलेल्या नाहीत, तिच्या फोनवरून ऐकल्या आहेत. डार्लिंग्टन, मार्टिन्सव्हिल, ब्रिस्टल, एकदा अलाबामातलं टॅलाडेगा, सगळीकडे ती गाडी चालवत एकटी गेली. ब्रिस्टलचा ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, फेरी पंधरा-सोळा सेकंदांची, आणि आवाज इतका की कानांवर झाकणं लावावीच लागतात. चालक आणि त्याची माणसं रेडिओवर काय बोलतात तेही प्रेक्षकांना यंत्रावर ऐकता येतं. तिला त्याचंच जास्त कौतुक. सोबत थालीपिठं नेते, खाणं आत न्यायला परवानगी असते.

प्रत्येक ठिकाणी तिला एक प्रश्न हमखास विचारतात : कुणाबरोबर आलीस? वाईट हेतूने विचारतात असं नाही, कित्येकदा खुर्ची पुढे करून विचारतात. सांगलीहून आईही फोनवर हेच विचारते. टॅलाडेगाच्या मैदानात मात्र रात्री दारू, मण्यांच्या माळा फेकून बायकांना चाळे करायला सांगणारे पुरुष, हा सगळा प्रकार असतो. तिथे ती मुक्कामाला राहिली नाही. शेजारच्या तळावरची एक बाई तीन दिवस बाराजणांचं रांधत होती, आणि शर्यत तिने भांडी विसळता विसळता कानाने पाहिली! गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडाही तिथे सर्रास फडकत असे. बबा वॉलेस या काळ्या चालकाने तो काढा म्हटलं, आणि जून २०२० मध्ये नॅसकारने बंदी घातली. मैत्रीण म्हणते, त्याआधी मी गाडी नेहमी बाहेरच्या रस्त्याच्या तोंडाशी लावायचे.

तरी ती जाते. तिकीट तिच्या पगाराचं, गाडी तिच्या नावावर. या दोन गोष्टी नसत्या तर तिलाही ऑगस्टाची थाप मारावी लागली असती.

माझं बोलणं इतकंच. आता आपण गट करू या. आपल्या वस्तीतली एखादी बाई शेवटची केव्हा निव्वळ काहीतरी बघायला म्हणून बाहेर पडली, पैसे कुणी दिले, मुलं कुणी सांभाळली आणि घरी काय सांगून गेली, एवढं प्रत्येकीने सांगायचं. नावं नकोत. मी फळ्यावर लिहून घेते.