उंबरठ्याआडची चाचणी आणि समाजाचे आरोग्य

(जळगाव येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



आज घरी गेल्यावर एक काम करा. कपाटाचा तो खण उघडा, ज्यात जुनी बिले, रबराचे तुकडे आणि न चालणारी घड्याळे असतात. जळगाव-धुळ्याच्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत तिथे २०२१ साली धावपळ करून मिळवलेला ऑक्सिमीटर सापडेल. सेल आतल्या आत पाझरलेले असतील. एके काळी त्या चिमट्यावरच्या आकड्याकडे पाहून घरचे लोक रात्र काढत होते. आज तो कुठे ठेवला हेही आपल्याला आठवत नाही. मला आज बोलायचे आहे ते या विस्मरणाविषयी.

२०२० च्या उन्हाळ्यात खानदेशावर जे ओढवले ते आपण सर्वांनी सोसले आहे. धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याने भर मे महिन्यात चालत निघालेले श्रमिक आपण पाहिले. अनेकांनी त्यांना पाणी-भाकरी दिली. मृत्यूंच्या प्रमाणात आपला जळगाव जिल्हा तेव्हा राज्यात पुढे होता. आरंभी इथे तपासणीची सोय नव्हती. नमुने आधी पुण्याला, पुढे धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात. अहवाल येईपर्यंत रुग्ण एक तर बरा झालेला असे, किंवा हाताबाहेर गेलेला असे. त्यातच जूनमध्ये रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्धेचा मृतदेह काही दिवसांनी तिथल्याच शौचालयात सापडला. त्या घटनेने लोकांच्या मनातला रुग्णालयाविषयीचा विश्वासच डळमळला. माणसे ताप लपवू लागली. खोकला आला की दार लावून घेऊ लागली.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. आल्या म्हणण्यापेक्षा मुलाने उचलून आणल्या. खुर्चीत बसून त्या मला हसून सांगत होत्या, ‘‘माले काहीच व्हयनं नही, डॉक्टरसाहेब. हाऊ पोऱ्या उगाच घाबरस.’’ बोटाला चिमटा लावला तर आकडा ७८! चौऱ्याण्णवच्या वर असायला हवा, तिथे अठ्ठ्याहत्तर, आणि चेहऱ्यावर धाप नाही, तक्रार नाही. या आजाराचे कपट हेच होते की प्राणवायू उतरत असतानाही माणसाला आपण बरे आहोत असे वाटे. हा आकडा दोन दिवस आधी घरात कोणी पाहिला असता, तर पुढचे बरेच काही टळले असते. आजींचे नाव सांगत नाही. पण त्यांचा मुलगा आजही भेटला की प्रथम त्या दोन दिवसांविषयीच बोलतो.

घरातल्या घरात श्वासाच्या रोगावर पाळत ठेवता येते, हे ज्ञान काही कोरोनाने दिलेले नाही. ते महाराष्ट्रातच, गडचिरोलीच्या जंगलात, त्याच्या तीस वर्षे आधी सिद्ध झाले होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तिथे बालके मरत होती ती न्यूमोनियाने, आणि डॉक्टर होता कोसभर लांब. नदीला पूर आला की तोही नाही. तेव्हा त्यांनी गावातलेच आरोग्यसेवक आणि सुइणी तयार केल्या. न्यूमोनियाचे निदान करायला एक्स-रे लागत नाही, मुलाचे एका मिनिटातले श्वास मोजले तरी पुरते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास झाले तर सावध व्हायचे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मोजमाप आहे.

पण साठपर्यंत मोजणे जिला जमत नाही त्या सुइणीने काय करावे? बंग दांपत्याने तिच्यासाठी एक साधन बनवले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दोन ओळींत ओवलेले मणी, हिरवे आणि शेवटी एक लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत हात पोहोचला, तर न्यूमोनिया! निरक्षर बाईच्या हाती दिलेले हे निदान होते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. या सेवकांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर जिथे हा प्रयोग नव्हता तिथे १३.५ टक्के. मी वैद्यकीय शिक्षण घेतलेला माणूस, तरी हे आकडे प्रथम वाचले तेव्हा थोडा ओशाळलो होतो. पुढे २०११ पासून ‘आशा’ ताईंनी नवजात बाळाच्या घरी जाऊन त्याची तपासणी करण्याची पद्धत देशभर आली, तिचे मूळ याच गावांत आहे.

घरात शिरून तपासणी करण्याचा दुसराही एक इतिहास आपल्याकडे आहे आणि तो विसरता येत नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे शिपाई बुटांसह देवघरापर्यंत गेले. पुढे काय घडले ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र एक गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच काळात लोकमान्यांनी पुण्यात प्लेगग्रस्तांसाठी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला होता. रोगाशी लढण्याला लोकांचा विरोध नव्हता, विरोध होता तो जुलमाच्या रीतीला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक दारोदार जाऊन ताप आणि प्राणवायू पाहू लागले, तेव्हा बहुतेक दारे उघडली. कारण येणारी ताई ओळखीची होती आणि ओट्यावरच थांबत होती.

मग मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती चाचणीला मान्यता मिळाली. किंमत २५० रुपये. नाकातला नमुना स्वतःच घ्यायचा आणि पंधरा मिनिटांत निकाल पाहायचा. दोन रेषा म्हणजे बाधित. नियम असा होता की लक्षणे असूनही चाचणी निरंक आली तर प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी आणि निकाल मोबाईलवरील ॲपमधून कळवावा. पहिला नियम थोड्यांनी पाळला. दुसरा त्याहून थोड्यांनी.

यात मी स्वतः आलोच. जानेवारी २०२२ मध्ये आमच्या घरी पुतण्याची चाचणी केली. दोन रेषा आल्या. त्याला सर्दीपलीकडे काही नव्हते. आठवड्यावर घरचे लग्न होते, तेही पन्नास माणसांच्या मर्यादेत. पट्टी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. कळवले कोणालाच नाही. शेजारचे नाना रोज सकाळी आमच्या ओट्यावर वृत्तपत्र वाचायला येत. त्यांनाही ‘‘दोन दिवस येऊ नका’’ एवढे सांगणे मला जमले नाही, कारण मग कारण सांगावे लागले असते. पाचव्या दिवशी नानांना रुग्णालयात हलवावे लागले. ते परतले, हे त्यांचे आणि माझे भाग्य. त्यांना सगळे सांगायला मला चार महिने लागले. नाना एवढेच म्हणाले, ‘‘डॉक्टर, पेपर तर मी माझ्या घरीही वाचला असता.’’

म्हणून माझे म्हणणे असे की घरची चाचणी ही निम्मीच चाचणी आहे. पट्टीवर उमटलेली रेषा जोवर शेजाऱ्याला, गल्लीला, आशाताईला कळत नाही, तोवर समाजाच्या दृष्टीने ती उमटलेलीच नाही. देशात २००४ पासून रोग सर्वेक्षणाची यंत्रणा आहे. तिच्याकडे रुग्णालयातून, प्रयोगशाळेतून, उपकेंद्रातून माहिती जाते. आपल्या कॉलनीतल्या बंद दाराआडून तिच्याकडे काहीच जात नाही. आणि गल्लीने तरी काय करावे? कळवणाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवू नये. त्याच्या दारात दुधाची पिशवी ठेवावी. २०२० मध्ये आपण पत्रे ठोकले, फलक लावले. त्यातूनच लपवालपवी शिकलो.

प्रत्येक वेळी पट्टीच हवी असेही नाही. ती सर्व रोगांसाठी नसते. थर्मामीटर, ऑक्सिमीटर, घड्याळ आणि एक वही पुरे. घरात वृद्ध असतील आणि ताप-खोकला असेल, तर दिवसातून तीनदा आकडा लिहावा. सहा मिनिटे सपाट जागी चालवून पाहावे, साठीच्या वरच्यांना तीनच मिनिटे. आकडा तीनहून अधिक अंकांनी उतरला किंवा चौऱ्याण्णवच्या खाली गेला, तर वाट पाहू नये. नखांवर मेंदी वा रंग असेल तर दुसरे बोट घ्यावे. हात थंड असतील तर चोळून घ्यावेत. लेवा पाटलांच्या वाड्यात असो वा गिरणा पंपाच्या खोलीत, हे सगळीकडे करता येते. चुलीत पऱ्हाटी जळते त्या घरांतल्या लेकरांकडे मात्र विशेष लक्ष ठेवा. त्यांचा खोकला ‘धुराचा’ म्हणून सोडून दिला जातो.

आपण आता प्रत्यक्षच करून पाहू. मागच्या रांगेत ज्या ताईंच्या मांडीवर बाळ झोपले आहे, त्यांनी कृपया पुढे यावे. बाळाला उठवू नका, श्वास झोपेतच मोजायचे असतात. अंगरखा जरा वर करा आणि पोटाकडे पाहा. घड्याळ मी धरतो, मोजणार तुम्ही.