एका फळीची कहाणी



इंग्रजींतील कठीण शब्दांची आपण धास्ती घेतों. परंतु खरी फसगत करतात ते सोपे शब्दच. ‘बोर्ड’ हाच शब्द घ्या. शाळेंत तो भिंतीवर असतो, परीक्षेच्या वेळीं तो प्रश्नपत्रिका काढतो, कंपनींत तो कारभार पाहतो. आणि विमानतळावर त्याच्याच नांवाचा पास दाखविल्यावांचून विमानांत पाऊल टाकतां येत नाहीं. हे सारे अर्थ कोशांत एकाखालीं एक वाचले, तर पाठांतराचें ओझें तेवढें वाढतें.

यावर उपाय एकच : शब्दामागची वस्तु पाहावी. बोर्ड म्हणजे मुळांत लांकडाची फळी. जुन्या काळीं इंग्लंडांत ही फळी लांकडी पायांवर टाकली, कीं जेवणाचें मेज तयार होई. त्यामुळें बोर्ड म्हणजे मेज, आणि पुढें मेजावरचें अन्न, असा अर्थ आला. कोल्हापुरास १९०१ सालीं विद्यार्थ्यांसाठीं निघालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगच्या नांवांत हीच फळी आहे.

मेजाभोवतीं मसलतीस बसणाऱ्या मंडळींनाही मेजाचेंच नांव मिळालें. १७८४ च्या कायद्यानें ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेखीसाठीं नेमलेलें ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ हें त्याचें उदाहरण. पत्ते खेळणाऱ्यानें हात मेजाच्या वर ठेवले, तर लबाडीस वाव राहत नाहीं. म्हणून चोख व्यवहारास इंग्रज ‘अबव्ह बोर्ड’ म्हणतो.

जहाजाच्या बाजूसही बोर्ड म्हणत. हा शब्द मुळांत निराळा असावा, पण तो फार पूर्वींच फळीच्या शब्दांत मिसळून गेला, असें भाषापंडित मानतात. वादळांत मोडलेली डोलकाठी या बाजूवरून समुद्रांत पडे. त्यावरून एखादें तत्त्व सोडून दिलें गेलें, कीं तें ‘बाय द बोर्ड’ गेलें असें म्हणतात. विमानास लांकडी बाजू नाहीं. पास मात्र जहाजाचाच राहिला आहे.

‘अबव्ह बोर्ड’चें ‘फळीच्या वर’ असें भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यास शब्द ठाऊक असतो. पत्त्यांचा तो डाव त्यानें पाहिलेला नसतो. म्हणून भाषांतर शब्दाचें नव्हे, प्रसंगाचें करावें.

आणि इंग्रजीस हसण्यापूर्वीं जरा आपल्या घरांत डोकावावें. क्रिकेटच्या संघांतील ‘मधल्या फळी’त लांकूड कोठें असतें? ‘पाटपाणी झालें’ असें ऐकल्यावर आपल्यालाही पाट दिसत नाहीं, जेवणाची तयारी दिसते. मराठी शिकूं पाहणाऱ्या परक्या माणसास मात्र येथेंच ठेंच लागेल. त्याला आपण आधीं पाट दाखवावा, मग अर्थ सांगावा. इंग्रज फळीपुढें बसून जेवला, आपण फळीवर बसून जेवलों. आणि जेवण आटोपून शतकें लोटलीं, तरी दोघांच्याही भाषेंत ती फळी अजून मांडलेलीच आहे.