बालवर्गातील नवी साधने आणि आपण पालक

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंत्रांची मी जाणकार नाही. ३६ वर्षे बालवर्गाला आणि पहिली-दुसरीला शिकवले, एवढीच माझी शिदोरी. लहान मुलांच्या वर्गात मोबाईल, टॅबलेट, प्रोजेक्टर वापरावेत की नाही, हा विषय मला दिला आहे. याबाबत पालकांत दोन तट आहेत. काहींना वाटते, टॅबलेट आले म्हणजे शाळा पुढारली. काहींना वाटते, मोबाईलने मुले आधीच बिघडली आहेत. निदान शाळेने तरी तो दूर ठेवावा. मला दोघांनाही एकच विचारायचे आहे. यंत्र चालू असताना मूल काय करीत असते?

हा प्रश्न मलाही उशिरा सुचला. आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा मी बालवर्गाला रोज ४० मिनिटे बडबडगीते दाखवू लागले. वर्ग अगदी शांत! मला धन्यता वाटली. आठवड्याने मी मुलांना विचारले, "काय पाहिले ते सांगा बरे." कोणी गाण्याचा एखादा शब्द म्हणाले, कोणी रंग सांगितला, बाकीची मुले पांढऱ्या पडद्याकडे पाहत राहिली. ती शांतता शिकण्याची नव्हती.

त्याच वर्गात एक मुलगी होती. घरात दखनी बोलणारी, शाळा मराठी माध्यमाची. चार महिने ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. मुलगी मंद आहे, असे शेरे तिच्याबद्दल कानावर येत होते. एके दिवशी मी माझा मोबाईल तिच्यासमोर धरला आणि म्हटले, "तुझ्या घरची काहीही गोष्ट याला सांग, मी तिकडे जाऊन बसते." ती हळूच बोलली, "हमारी बकरी कू दो बच्चे हुए." मी ते तिला ऐकवले. स्वतःचा आवाज ऐकून तिचे डोळे मोठे झाले. मग ती पाच मिनिटे त्या शेळीबद्दल बोलत होती. दुसऱ्या दिवशी तेच मराठीत सांगायचा तिने प्रयत्न केला. "आमच्या शेलीला दोन पिल्लं झाली." ऐकवल्यावर ती स्वतःच हसली आणि म्हणाली, "शेली नाही, शेळी." मी चूक दाखवली नव्हती. तिच्याच कानाने ती पकडली.

पालकहो, आपल्या कित्येक मुलांचे हेच दुखणे आहे. घरची भाषा एक, शाळेची दुसरी. शाळा आणि शाला, पाणी आणि पानी यांतला फरक कानाला कळण्याआधीच मुलावर शेरा बसतो, आणि मूल तोंड मिटते. घरची भाषा म्हणजे अडचण नव्हे, ती पहिली पायरी आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये आणली आणि त्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी तंत्र वापरले खरे, पण आधी मुलांची भाषा ओळखली.

हा प्रश्न आजचा नाही. १९७५-७६ साली आपल्या देशाने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचवले. त्यात मुलांसाठीही कार्यक्रम असत. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. हे सर्व प्रयत्न मोलाचे होते. पण त्या पेटीसमोर मूल बसून पाहू शकत होते, उलट बोलू शकत नव्हते. आजच्या साधनाला मूल उत्तर देऊ शकते, त्यावर स्वतः काही घडवू शकते. मग आजही आपण त्याला नुसते पाहतच का बसवावे?

अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. मुलाने आज्ञा द्यावी आणि कासवाच्या आकाराच्या यंत्राने जमिनीवर चालून चित्र काढावे, अशी योजना पुढे तिच्यात आली. संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावे, असा पेपर्ट यांचा आग्रह होता. त्याच परंपरेत २०१४ साली ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर' निघाले. ते विनामूल्य आहे. त्यात आज्ञा चित्रांच्या असतात, त्यामुळे वाचता न येणारे मूलही मांजराला चालवू शकते, उडी मारायला लावू शकते, त्याला स्वतःचा आवाज देऊ शकते. मात्र त्याआधी वर्गात खडूने चौकोन आखावेत. एका मुलाने "दोन पावले पुढे, उजवीकडे वळ" म्हणावे, दुसऱ्याने तसे चालावे. पाय आधी शिकतात, बोटे नंतर.

टॅबलेट नसले तरी अडत नाही. शिक्षकांच्या एका मोबाईलवरही काम होते. ओल्या फडक्यात मेथीचे दाणे ठेवा. रोज एकाच वेळी एका मुलाने त्याचा फोटो काढावा. आठवड्याने ते फोटो उलटसुलट मांडून विचारा, "आधी काय झाले? मग काय झाले?" यात निरीक्षण आले, क्रम आला आणि भाषाही आली.

आता मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलाला बसून पडदा पाहणे दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावे. कमी असल्यास उत्तम. म्हणून वर्गात एका वेळी १५ मिनिटे पुरेत, आणि तीही शिक्षिका शेजारी असताना. माती, खडे, चिंचोके यांची जागा यंत्राने घेऊ नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, पाने, बिया यांवर बालवाड्या उभ्या केल्या. ती साधने आजही जुनी झालेली नाहीत. आणखी एक सूचना शिक्षकांसाठी. मुलांचे फोटो, आवाज पालकांना विचारल्याशिवाय कोठेही पाठवू नका. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे.

मातांना माझी विनंती आहे. घास भरवण्यासाठी, रडे थांबवण्यासाठी मोबाईल देऊ नका. त्याऐवजी रात्री दहा मिनिटे मुलाला दादी-नानीजवळ बसवा. तिची कहाणी मुलाने रेकॉर्ड करावी आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकवावी. वडिलांना माझे एक गाऱ्हाणे आहे. घरात एकच मोबाईल असला की तो मुलाला मिळतो, मुलीला मिळत नाही. "लडकी को क्या करना है," असे मी कैक वेळा ऐकले. मी सांगितलेल्या त्या मुलीच्या वडिलांनीही प्रथम हेच म्हटले होते. मी त्यांना फक्त तिचा आवाज ऐकवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, एवढं बोलती ये?"

विद्यार्थी मित्रांनो, घरात मोबाईल बहुधा तुमच्याच हातात असतो. धाकट्या भावंडांना तुम्ही जे दाखवाल ते ती पाहतील. त्यांना चित्रफीत लावून देऊन बाजूला होऊ नका. शेजारी बसा, विचारा, बोलते करा.

संस्थेने टॅबलेट अवश्य घ्यावेत. चार-पाच मुलांत एक पुरे होईल. पण खरेदीआधी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूद करावी. आणि पालकहो, पुढील वर्षी शाळेत याल तेव्हा किती यंत्रे आली हे विचारू नका. वर्गात गप्प बसणारी किती मुले बोलू लागली, हे विचारा.