आधी वाचा, मग लिहा

(दुरुस्तीच्या कामात असलेले तरुण आणि डिप्लोमाचे विद्यार्थी यांच्यासाठी घेतलेल्या कार्यशाळेतील भाषणाचा मजकूर)



मी नोकरीत सॉफ्टवेअर लिहितो. तुमच्यापैकी बरेचजण दुकानात बसता, हॉट एअर गन चालवता. माझं काम पडद्यावरचं, तुमचं बोर्डवरचं. ही दोन्ही कामं जिथे भेटतात, ते यंत्र आज टेबलावर ठेवलंय : युनिव्हर्सल प्रोग्रामर. चिपमध्ये काय आहे ते वाचायचं, पुसायचं आणि नवीन लिहायचं, एवढंच ते करतं. यूएसबीची वायर लावली की सुरू होतं, शिकायला एक दुपार पुरते. पण या यंत्रामुळे लॅपटॉप जिवंत होतो तसा कायमचा मरतोही. फरक यंत्रात नसतो, बटणं कोणत्या क्रमानं दाबली त्यात असतो. आज मला त्या क्रमाबद्दल बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट. ‘युनिव्हर्सल’ या शब्दावर फार विश्वास ठेवू नका. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम शोधली. जुन्या मशिनच्या बोर्डवर काचेची खिडकी असलेली, वर स्टिकर चिकटवलेली चिप पाहिली असेल, ती हीच. अतिनील प्रकाशानं पुसली जाते, म्हणून तो स्टिकर. त्या काळातल्या २७१६ चिपला लिहिण्यासाठी २५ व्होल्ट लागत. पुढे २७सी२५६ साडेबारा-तेरावर आली. आजच्या लॅपटॉपमधली बायोसची चिप ३.३ किंवा १.८ व्होल्टवर चालते. एकाच सॉकेटमध्ये हे सगळे व्होल्टेज तयार करता येणं, हा युनिव्हर्सल असण्याचा खरा अर्थ. आपल्याकडचं टीएल८६६ टू प्लस १८ व्होल्टपर्यंतच जातं, म्हणजे ती जुनी २७१६ त्याच्या आवाक्याबाहेर. आणि १.८ व्होल्टच्या चिपसाठी वेगळा अडॅप्टर लावावा लागतो. यादीत हजारो चिप असल्या तरी तुमच्या हातातली त्यात आहे का, हे तुम्हीच बघायचं.

काहीशे रुपयांत मिळणारं सीएच३४१ए चं काळं बोर्ड तुम्ही वापरलं असेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. त्याची खोड लक्षात ठेवा : चिपला वीज ३.३ व्होल्टची देतं, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतं. बऱ्याच चिप हे सहन करतात, म्हणून कुणाला काही वाटत नाही. सहन करणं आणि चालणं यात फरक आहे. मीटर लावून एकदा मोजा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आता मांडणी. सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर टाकून झाले की सॉकेट रिकामं ठेवून सेल्फ टेस्ट करा. चाळीस पायांपैकी एखादा मेला असेल तर इथेच कळतं, गिऱ्हाइकाच्या चिपवर कळण्यापेक्षा हे बरं. प्रोग्रामरला वीज लॅपटॉपकडून मिळते, म्हणून हे काम डेस्कटॉपवर न करता बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपवर करा. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. फ्लॅश चिपमध्ये पुसणं म्हणजे सगळे बिट १ करणं आणि लिहिणं म्हणजे हवे तिथले ० करणं. एकट्या ० चा पुन्हा १ होत नाही. त्यासाठी निदान ४ केबीचा अख्खा तुकडा पुसावा लागतो. त्यामुळे मध्येच वीज गेली तर जुनं गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं.

चिपवरचा नंबर भिंगानं वाचा, अंदाजानं नाही. उदाहरणार्थ विनबाँडची डब्ल्यू२५क्यू६४. ६४ म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नाही. आठानं भागा : ८ एमबी. पण शेवटची अक्षरंही वाचा. एफव्ही असेल तर २.७ ते ३.६ व्होल्टची, एफडब्ल्यू असेल तर १.६५ ते १.९५ ची. एका अक्षराच्या फरकावर चिप वाचते किंवा जळते.

मग सॉफ्टवेअरला चिपचा आयडी विचारायचा. एफव्ही सांगते : ईएफ ४० १७. एफडब्ल्यू सांगते : ईएफ ६० १७. ईएफ म्हणजे विनबाँड. शेवटचा १७ हेक्समधला, म्हणजे आपला २३. दोनाचा तेविसावा घात काढा : ८३,८८,६०८. बरोबर ८ एमबीचे बाइट. डिप्लोमाच्या मुलांनो, मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात हेक्स कशाला शिकवतात असं विचारता ना, याच्यासाठी. आयडी जुळत नसेल तर ‘आयडी तपासू नका’ ही खूण करून पुढे जाऊ नका. नव्वद टक्के मुलं तिथेच टिक काढतात. हा आकडा माझ्या मनाचा आहे, पण तुमच्या चेहऱ्यांवरून बरोबर दिसतोय.

आयडी जुळला, आता वाचायचं. एकदा नव्हे, दोनदा. दोन वेगळ्या फायली ठेवायच्या आणि विंडोजमधल्या एफसी आज्ञेनं बायनरी पद्धतीनं ताडून बघायच्या. चिप बोर्डवरच ठेवून क्लिप लावली असेल तर हे फारच गरजेचं, कारण क्लिपमधून जाणारी वीज आजूबाजूचं सर्किटही पिऊन टाकतं आणि वाचन दर वेळी वेगळं येतं. बॅटरी आणि सीमॉसचा सेल काढून ठेवा. तरीही फायली जुळत नसतील तर आळस न करता चिप काढा. फायली जुळल्या तरी एकदा हेक्समध्ये उघडून बघा. सगळीकडे एफएफ दिसत असेल तर बहुधा संपर्कच नाही, दोनदा नीट वाचलेलं शून्यच तुमच्या हातात आहे. इंटेलच्या लॅपटॉपची पूर्ण बायोस चिप असेल तर सोळाव्या बाइटपासून ५ए ए५ एफ० ०एफ दिसायला हवं.

या वाचलेल्या फाइलवर मी इतका का अडून बसलोय? कारण दुकानात सर्रास काय होतं ते तुम्ही जाणता. लॅपटॉप सुरू होत नाही, टेलिग्रामवरून त्याच मॉडेलचा डंप उतरवायचा, जुनं न वाचताच लिहून टाकायचं. लॅपटॉप सुरू होतो, उस्ताद खूश, गिऱ्हाईक खूश. पण त्या चिपमध्ये नुसता प्रोग्राम नसतो. त्या मशिनचा सीरियल नंबर असतो, विंडोज ८ पासूनच्या मशिनमध्ये विंडोजची की असते, अनेकदा लॅन कार्डाचा पत्ता असतो. हे सगळं गिऱ्हाइकाचं. तुम्ही त्याच्या जागी कुण्या अनोळखी माणसाच्या मशिनची ओळख बसवली. महिन्याभरानं विंडोज नीट चालत नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारतं आणि कारण कुणालाच सापडत नाही. जुनी फाइल असती तर तिच्यातून हे भाग काढून नव्यात घालता आले असते. बिघडलेली फाइलसुद्धा पूर्ण बिघडलेली नसते.

म्हणून प्रत्येक फाइलला तारीख आणि जॉब नंबर द्या आणि निदान वर्षभर ठेवा. ८ एमबीला जागा ती किती लागते? लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा, चिप काढून पुन्हा बसवा आणि आणखी एकदा व्हेरिफाय करा.

आणखी एक विषय, थोडा अवघड. हेच यंत्र बायोसचा पासवर्ड काढून देतं. त्यासाठी येणारा प्रत्येक माणूस चोर नसतो, बहुतेक विसरलेले किंवा सेकंडहँड घेतलेले असतात. तरी बिल विचारा. बिल नसेल तर नाव, ओळखपत्राचा प्रकार आणि मशिनचा सीरियल नंबर वहीत लिहून सही घ्या. नाही म्हणणाऱ्याला परत पाठवा, दोनशे-पाचशे रुपये जाऊ द्या. मोबाइलचा आयएमईआय बदलणं तर सरळ गुन्हा आहे, त्यात ‘गिऱ्हाइकानं सांगितलं’ हे उत्तर चालत नाही. उद्या चौकशी आली तर उस्ताद दुकानात नसतो, काउंटरवर तुम्ही असता. तेव्हा ती वही तुमच्या हातात असावी.

विंडोज नको असेल तर लिनक्सवर मिनिप्रो नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, तेही हे यंत्र चालवतं. त्याचा कोड उघडा आहे. इंग्रजी थोडी जड वाटेल, पण ज्यांना पुढे फर्मवेअरमध्ये नोकरी हवी त्यांनी तो वाचायला घ्यावा. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पोरापोरींना मी असलंच काही विचारतो.

तिकडच्या टेबलावर चार मेलेले मदरबोर्ड आणि दोन भिंगं ठेवली आहेत. तिघा-तिघांचे गट करा. पहिल्या तासात कुणीही काही लिहायचं नाही. चिपचा पूर्ण नंबर, व्होल्टेज आणि आयडी कागदावर मांडा, दोन वाचनं ताडा आणि मला दाखवा. आणि हो, एका बोर्डवर मी मुद्दाम १.८ व्होल्टची चिप ठेवली आहे. कोणत्या, ते सांगणार नाही.